तिसरा मजला, लिफ्ट नाही: आमच्या घराला कुठला कुत्रा झेपला

आमचं घर विक्रोळीच्या कन्नमवार नगरात आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून साडेचारशे चौरस फूट. माणसं चार: मी, नवरा, सातवीतली लेक आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. मी आणि नवरा सकाळी साडेआठला बाहेर पडतो ते संध्याकाळी सात-साडेसातला परततो. लेक तीनला शाळेतून येते. हे सगळं आधीच सांगतेय, कारण कुत्र्याची जात ठरवायला बसले तेव्हा मी हे सोडून बाकी सगळ्याचा विचार केला होता. त्यात पाच महिने गेले. ज्यांच्या घरी हा विषय निघालाय त्यांचे तेवढे महिने वाचावेत म्हणून लिहायला घेतलं.

विषय निघाला १ नोव्हेंबर २०२४ ला, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी. लेकीने सरळ सांगितलं, मला या वर्षी कपडे नकोत, फटाके नकोत, कुत्रा हवा. आम्ही दोघं आधीपासून मनातून तयारच होतो, त्यामुळे नाही म्हणायचा प्रश्न आला नाही. प्रश्न आला तो कुठला, याचा. लेकीला निळ्या डोळ्यांचा हस्की हवा होता. नवऱ्याला कारवान. मला लॅब्रॉडॉर, कारण लहानपणी आमच्या चाळीसमोरच्या बंगल्यात एक होता आणि तो मी शाळेतून येताना रोज फाटकाशी यायचा. लेकीने वहीच्या पानावर तिन्ही नावं लिहिली आणि रोज रात्री जेवताना त्यावर चर्चा होऊ लागली. सासूबाई ताटावर बसून ऐकायच्या. त्यांना काय हवंय, हे त्या पानावर लिहायचं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही.

हस्की लवकर बाद झाला. मुलुंडला एका मैत्रिणीच्या सोसायटीत एक आहे. डिसेंबरातसुद्धा दुपारी तो पार्किंगच्या गार फरशीवर पोट टेकून पडलेला असतो. हा सायबेरियातला, बर्फात गाडी ओढणारा कुत्रा. त्याला केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा. आणि कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून, जिभेवरची ओल उडवून अंग थंड करतो. मुंबईच्या दमट हवेत ती ओलच नीट उडत नाही. म्हणजे त्याला दिवसभर एसी लावून ठेवावा लागणार, आणि आमच्याकडे एसी एकाच खोलीत, तोही रात्रीपुरता. लेकीला मी त्या पार्किंगमध्ये नेलं आणि अर्धा तास तिथे बसवलं. परत येताना तिने स्वतःच नाव खोडलं.

कारवानचं प्रकरण जरा लांबलं. नवऱ्याचं मूळ गाव सांगली जिल्ह्यात, जतजवळ. त्या पट्ट्यात, आणि पलीकडे कर्नाटकात मुधोळपर्यंत, हा उंच, सडपातळ, लांब तोंडाचा शिकारी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या आहे. लोक त्याला कारवान म्हणतात, सरकारदरबारी मुधोळ हाउंड म्हणून ओळखतात. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यात तो आहे. नवऱ्याला या सगळ्याचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. देशी जात, आपल्या हवेची, तब्येतीला काटक, केस आखूड. माझंही मन वळत होतं. तेव्हा पहिल्यांदा सासूबाई बोलल्या. त्या लग्न होऊन जतला गेल्या तेव्हा घरी दोन कारवान होते. "ते रानातलं जनावर हाय. सशामागं सुटलं की शिवार पार करून थांबतंय. हितं पळंल कुठं? जिन्यात?" एवढंच म्हणाल्या आणि भाकरीकडे वळल्या. आमच्याजवळची मोकळी जागा म्हणजे एक मैदान, तिथे सकाळी क्रिकेट, संध्याकाळीही क्रिकेट, आणि कुत्रा मोकळा सोडला तर पुढे हायवे. दुसरं नाव खोडलं गेलं.

या दरम्यान कुणीतरी बीगल सुचवला. आकार मध्यम, स्वभाव प्रेमळ, मुलांशी गट्टी, हे सगळं खरंच आहे. २२ डिसेंबरच्या रविवारी आम्ही मुंबईबाहेरच्या एका विक्रेत्याकडे गेलो. बंद गाळ्यात सहा पिंजरे होते. त्याने एक पिल्लू माझ्या हातात दिलं. तळहाताएवढं, पोट फुगलेलं, डोळ्यांच्या कोपऱ्यात पिवळं पाणी. वय विचारलं तर म्हणाला, पस्तीस दिवस. आई दाखवा म्हटलं तर म्हणाला, आई गावाला आहे. कागदांसकट २८ हजार, कागदांशिवाय १८. लेक ते पिल्लू खाली ठेवायला तयार नव्हती आणि खरं सांगायचं तर मीही पर्समधून फोन काढला होता पैसे पाठवायला.

थांबवलं नवऱ्याने. त्याने आदल्या रात्री नियम वाचले होते. २०१७ च्या केंद्राच्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. पस्तीस दिवस म्हणजे पाच आठवडे. नोंदणीचं प्रमाणपत्र मागितल्यावर त्या माणसाचा सूर बदलला आणि आम्ही निघालो. लेक घाटकोपर येईपर्यंत रडत होती. माझ्याही डोळ्यांसमोरून ते पिल्लू बरेच दिवस हललं नाही. पण पिल्लू आठ आठवडे आईजवळ आणि भावंडांत राहतं तेव्हा ते चावताना जोर किती लावायचा हे शिकतं, आणि आई बघितली की पिल्लू मोठेपणी कसं होईल याचा अंदाज येतो. जो आई दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नका. आणि "कागद" म्हणजे केनेल क्लबची वंशावळीची नोंद. ती कुत्र्याचे आईबाप सांगते, त्याची तब्येत सांगत नाही.

नंतर कळलं की बीगल आमच्यासाठी तसाही नव्हता. तो टोळीने सशाची शिकार करायला घडवलेला कुत्रा. वास लागला की कान बंद होतात, आणि एकटा पडला की मान वर करून हेल काढतो. एकमेकांना चिकटलेल्या घरांच्या इमारतीत हा विचार करायलाच हवा.

जानेवारीत मी एक गोष्ट केली ती सगळ्यांना सांगते. परळच्या प्राण्यांच्या दवाखान्यात, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात, एका शनिवारी सकाळी जाऊन नुसती बसले. सोबत कुत्रा नव्हता. बाकावर शेजारी जे येत होते त्यांना विचारत होते, तुमचा कुठल्या जातीचा, काय झालंय, घरात कोण असतं त्याच्याजवळ. लोक भरभरून बोलतात. एका काकांचा पग होता, त्याच्या नाकपुड्या इतक्या चिंचोळ्या की दोन बाकांपलीकडून श्वासाचा आवाज येत होता. चपट्या तोंडाच्या सगळ्याच जातींना कमी-जास्त हा त्रास असतो, उन्हाळ्यात तर जिवावर बेततं. एका मुलीच्या शिह त्झूच्या डोळ्याला जखम झाली होती. डोळे बाहेर आलेले आणि त्यात केस जात राहतात. रोज विंचरणं, दर महिन्याला केस कापणं, ती सांगत होती. एक डॅशहंड पाठीच्या मणक्याने अधू झालेला. लांब पाठ, आखूड पाय, आणि घर चौथ्या मजल्यावर. डॉक्टरांनी त्यांना जिने बंद करायला सांगितले होते. मी तिथे दीड तास होते. आधी महिनाभर फोनवर जे वाचलं होतं त्याहून जास्त त्या बाकावर कळलं.

लॅब्रॉडॉर मात्र मनातून जात नव्हता. तेव्हा ऑफिसातल्या एका सहकाऱ्याला कोल्हापूरला लग्नाला जायचं होतं आणि त्याचा तीन वर्षांचा लॅब कुठे ठेवावा हा त्याला प्रश्न होता. मी म्हटलं, आमच्याकडे दे. २३ ते २६ जानेवारी, चार दिवस.

इतका गोड कुत्रा मी पाहिला नाही. आल्या आल्या त्याने घरभर वास घेतला, लेकीच्या मांडीवर डोकं टाकलं आणि शेपटीने टीपॉयवरचा पेला पाडला. वजन ३१ किलो. बाहेरच्या खोलीत तो आडवा झाला की स्वयंपाकघरात जायला त्याला ओलांडावं लागायचं. आईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे दुखतात. त्या भिंतीला धरून त्याच्यावरून पाय टाकायच्या तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी दारात मांजर दिसलं आणि तो उठून धावला. पट्ट्याचं टोक आईंच्या हातात होतं. त्या सोफ्यावर पडल्या म्हणून निभावलं. फरशीवर पडल्या असत्या तर काय झालं असतं, हा विचार मला अजून सोडत नाही.

आणि लॅबची भूक. तो जेवून पाच मिनिटांत असा बघतो की आईंना वाटलं, याला कुणी उपाशी ठेवलंय. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रेमाने चार चपात्या तूप लावून घातल्या. रात्री दोनला त्याला हगवण लागली. खाली न्यायलाच हवं. आमच्या जिन्याच्या ५४ पायऱ्या आहेत, त्या रात्री मी मोजल्या. तीनदा खाली, तीनदा वर. शेवटच्या खेपेला तो पहिल्या मजल्यावर बसला, पाय थरथरत होते, आणि उठेना. नवऱ्याला हाक मारली. दोघांनी चादरीत घालून वर आणला. मधल्या वळणावर थांबून दम घेताना नवरा म्हणाला, "हा बारा वर्षांचा होईल तेव्हा आपण पन्नाशी ओलांडलेली असेल. रोज दोनदा असा आणायचा?" लॅबना म्हातारपणी खुब्याचा त्रास होतो हे मी वाचलं होतं. पण ते ३१ किलो हाताला लागले तेव्हा कळलं.

तेव्हा पहिली गोष्ट ही करा. जी जात मनात आहे तिचा एखादा मोठा कुत्रा चार दिवस घरी आणून ठेवा. ओळखीत कुणी ना कुणी गावाला जातंच.

फेब्रुवारीत मी आमच्याच भागातल्या एका पशुवैद्य बाईंकडे गेले. कुत्रा नसताना तपासणी फी भरून, ६०० रुपये, फक्त बोलायला. मी म्हटलं, आमच्या घरासाठी जात सुचवा. त्यांनी जातीचं नाव घेतलंच नाही. विचारलं, सकाळी नऊ ते तीन घरात कोण? सासूबाई. त्या जिना उतरतात का? आठवड्यातून एकदा, सावकाश. त्यांच्या हाताला किती ओढ सहन होईल? घरात सगळ्यात अशक्त माणूस कोण? कुत्रा आजारी पडला तर उचलून कोण आणेल आणि किती किलो उचलेल? शेजारी दिवसा कुणी झोपतं का? जुलैच्या पावसात सकाळी सहाला खाली कोण नेईल, तारखेनुसार सांगा.

प्रत्येक उत्तर सासूबाईंकडे जात होतं. दिवसातले सहा तास कुत्रा त्यांचा असणार होता. तो दार वाजलं की त्यांच्या पायाशी उठणार, पाणी त्या भरणार, घरात घाण केली तर पुसायला वाकणार त्या. आणि इतके महिने आम्ही तिघं आपापल्या आवडीचे कुत्रे निवडत होतो. मला तिथेच खुर्चीत वाईट वाटलं. त्या रात्री जेवण झाल्यावर मी आईंच्या शेजारी बसले आणि विचारलं, "आई, तुम्हाला कसा कुत्रा आवडेल?"

त्यांना विचार करावा लागला नाही. "ल्हान हवा. मोठा झालेला हवा, पिल्लू नको, पिल्लामागं मला पळवत न्हाई. आणि आवाज करणारा हवा. दुपारी दारात कोण आलं ते मला ऐकू येत न्हाई."

हे शेवटचं आम्हाला माहीतच नव्हतं. त्यांना कमी ऐकू येतं हे माहीत होतं, पण दुपारी एकट्या असताना त्यांना त्याची भीती वाटते, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं.

मार्चमध्ये आम्ही दत्तक देण्याच्या एका मेळाव्याला गेलो. बहुतेक आपले गावठी, दीड-दोन महिन्यांची पिल्लं. गावठी कुत्रा मुंबईच्या हवेला सगळ्यात लायक, असं मला आजही वाटतं. आखूड केस, काटक, जातिवंतांमधले आनुवंशिक आजार फारसे नाहीत. ज्यांच्या घरी दिवसा धडधाकट माणूस आहे त्यांनी आधी तोच बघावा. पण दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन तासांनी बाहेर न्यावं लागतं, आणि तिथली मोठी कुत्री मोकळ्या रस्त्यावर वाढलेली, जिना आणि बंद दार त्यांना जाचत होतं. आईंची अट डोळ्यांसमोर ठेवली आणि रिकाम्या हाताने परतलो.

३ एप्रिलला त्या डॉक्टरांचाच फोन आला. घाटकोपरच्या एका कुटुंबाची इमारत पुनर्विकासाला गेली होती. भाड्याचं घर मिळालं, पण मालक कुत्र्याला नाही म्हणत होता. साडेचार वर्षांची पांढरी मादी, वजन साडेआठ किलो. मुंबईत सध्या असं फार होतंय. इमारती पडताहेत, माणसं तीन-चार वर्षांसाठी भाड्याने जाताहेत, आणि कुत्र्यांना जागा उरत नाही. डॉक्टर म्हणाल्या, लोक हिला पामेरियन म्हणतील, पण ही इंडियन स्पिट्झ. खरा पॉमेरेनियन दोन-तीन किलोचा असतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात बाहेरून कुत्रे आणणं अवघड होतं तेव्हा घरोघरी हीच जात होती. इथल्या उकाड्याला रुळलेली. आणि मग म्हणाल्या, "भुंकते. खूप. आधीच सांगते."

आईंना हेच हवं होतं. पण भिंतीपलीकडच्या ताई नर्स आहेत, महिन्यातून दहा रात्री ड्युटी, दिवसा झोपतात. मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले आणि कुत्री येण्याआधीच सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, दोन महिने बघू, जमलं नाही तर मी स्पष्ट सांगेन. मला ते आवडलं. आधी विचारलं म्हणून पुढे बरंच सोपं गेलं.

घाटकोपरला आम्ही दोनदा गेलो, दुसऱ्यांदा आईंना टॅक्सीने घेऊन. ती आईंच्या साडीच्या काठाचा वास घेत राहिली आणि मग त्यांच्या पायावर हनुवटी टेकून बसली. आईंनी तिच्या कानामागे हात नेला आणि पिढ्यान्‌पिढ्या सवय असल्यासारखी तिथली गाठ सोडवायला लागल्या, एक एक केस, नखाने. वीस मिनिटं. कुत्री डोळे मिटून होती. त्या घरातल्या काकू स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती. त्या दिवशी ती आली. पैसे काही नाहीत. दोन्ही बाजूंच्या सह्यांचं पत्र केलं: कुत्री अमुक तारखेपासून आमची, पहिले दहा दिवस जमलं नाही तर परत, नंतर काही अडचण आली तर आधी त्यांना कळवायचं. लसीची वही, जुनी चादर, तिचं ताट हे सगळं सोबत घेतलं. चादर धुऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ओळखीच्या वासावर ती पहिल्या रात्री झोपली. नाव होतं स्नोई. आईंच्या तोंडी ते बसेना, त्या सोनी म्हणू लागल्या. उच्चार जवळचा, त्यामुळे तीही दोन दिवसांत वळून बघायला लागली.

पहिल्या आठवड्यात ती जेमतेम खायची. दारापाशी बसून राहायची. लेक रडवेली व्हायची, मला वाटायचं आपण चूक केली. मोठा कुत्रा घर बदलतो तेव्हा पहिले काही आठवडे असेच जातात, हे कुणीतरी आधी सांगायला हवं, म्हणून सांगतेय. आमच्याकडे सतराव्या दिवशी तिने पहिल्यांदा पोट वर करून लोळण घेतली. एक मात्र जपा. आपल्या घरच्या भाजी-आमटीत कांदा-लसूण असतोच, आणि तो कुत्र्याच्या रक्ताला घातक. आईंना हे पटायला वेळ लागला, कारण जतचे कारवान सगळं खायचे. आता तिच्यासाठी मीठ-मसाला न घालता वेगळा कुकर लागतो: भात, चिकन, लाल भोपळा.

भुंकणं. आमच्या सेफ्टी डोअरला जाळी आहे, जिन्यातले पाय दिसले की ती सुरू. आम्ही जाळीला खालून कमरेपर्यंत जाड कापड लावलं, तिची जागा दारापासून उचलून आईंच्या पलंगाशी नेली. लेकीने रोज संध्याकाळी सराव घेतला: बेल वाजवायची, दोनदा भुंकू द्यायचं, गप्प झाली की उकडलेल्या चिकनचा कण. सहा आठवडे लागले. आता बेल वाजली की ती तीन-चारदा भुंकते आणि आईंकडे बघते. आई उठल्या की थांबते. नर्सताईंनी जूनमध्ये सांगितलं, माझी झोप होते.

सोसायटीत मात्र खळखळ झाली. ४ मेच्या रविवारी सभेत एका सभासदाने कुत्र्यांवर बंदीचा ठराव मांडला. आम्ही भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत नेली होती. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. पण आम्ही ती प्रत शेवटी काढली. आधी लसीचा दाखला दाखवला, जिन्यात ती कायम पट्ट्याला असेल आणि घाण झाली तर आम्ही उचलू असं लेखी दिलं. ठराव पुढे आला नाही.

महापालिकेचा परवाना ऑनलाइन काढला. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, कुत्रीचा फोटो. आमचा पहिला अर्ज अडला, कारण जुन्या वहीतली रेबीजची लस मुदत उलटलेली होती. नवीन टोचली, दाखल्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आहे ना ते पाहिलं, पुन्हा भरला. सगळे मिळून तीन आठवडे. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

मग पाऊस. त्या वर्षी, २०२५ ला, २६ मेलाच मान्सून मुंबईत आला. सोनीच्या दाट केसांत ओल राहते, म्हणून प्रत्येक फेरीनंतर बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसायचं आणि पंख्याखाली बसवायचं. तरी जुलैच्या मध्यात ती खायची थांबली, ताप आला, हिरड्या फिक्या पडल्या. मी केस बाजूला करून पाहिलं तर कानाच्या मागे, जिथे आई रोज हात फिरवतात तिथून दोन बोटं खाली, तुरीच्या डाळीएवढी करडी गोचीड. एकच सापडली. रक्त तपासलं, प्लेटलेट खाली गेलेल्या. गोचीडताप. २८ दिवस गोळ्या, दर आठवड्याला रक्त. एकूण ७,२०० रुपये. गोचिडीचं औषध मी जूनचा एक हप्ता चुकवला होता. दाट केसांच्या कुत्र्यात गोचीड दिसत नाही, हाताने शोधावी लागते. रोज रात्री, कान, काख, बोटांच्या मधे.

त्या आजारामुळे नसबंदीही पुढे गेली. ती न केलेल्या माद्यांना वय वाढलं की गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर मागे लागल्या होत्या. गणपती उरकले, रक्त पुन्हा चांगलं आलं आणि १८ सप्टेंबरला शस्त्रक्रिया झाली. साडेनऊ हजार. दहा दिवस गळ्यात प्लॅस्टिकचा फनेल, आणि जिना वर्ज्य. नवरा तिला दोन्ही हातांवर घेऊन ५४ पायऱ्या उतरायचा आणि चढायचा, दिवसातून तीनदा. साडेआठ किलो. एकदाही त्याला मधे थांबावं लागलं नाही.

महिन्याचा खर्च आता सव्वातीन हजारांच्या आसपास जातो, जेवण, गोचिडीचं औषध, केसांची निगा धरून. आजारपणासाठी दरमहा एक हजार वेगळे टाकतो.

२१ ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाला, फटाके सातला सुरू झाले. डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं त्याप्रमाणे तिला साडेपाचलाच फिरवून आणलं, खिडक्या लावल्या, टीव्ही मोठा केला. तरी पहिल्या बॉम्बला ती थरथरत आईंच्या पलंगाखाली गेली. आई गुडघ्यांची पर्वा न करता खाली फरशीवर बसल्या, पाठ पलंगाला टेकून, एक हात आत. लेकीने फराळाचं ताट तिथेच आणून दिलं. बाहेर धडाका चालू होता आणि त्या आत हात घालून बसून होत्या. हरिपाठ म्हणत होत्या की तिच्याशी बोलत होत्या, ते मला कळत नव्हतं. साडेबाराला सगळं निवलं. आतून नाक बाहेर आलं.

"जा, खाली न्हेऊन आण हिला," आई म्हणाल्या, "संध्याकाळपास्नं धरून बसलीया."

मी पट्टा घेतला आणि नवऱ्याने आईंना हात देऊन उठवलं.